वीस मायक्रॉनपासून समुद्रापर्यंत

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मुंबईतल्या भाजीवाल्याने हा शब्द शाळेत ऐकला नसेल, पण गेल्या पंचवीस वर्षांत धंद्यावर बसल्या-बसल्या तो त्याने नक्की ऐकला आहे. कुठली पिशवी चालेल आणि कुठली पकडली जाईल, हे याच मापाने ठरत आले. १९९९ मध्ये देशाच्या नियमाने पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २००६ मध्ये महाराष्ट्राने ती ५० वर नेली. २०२१ मध्ये देशभर ७५ झाली आणि २०२२ संपता संपता १२०. वरवर रुक्ष वाटणाऱ्या या चार आकड्यांमागे एक महापूर, एक बुजलेला किनारा, एक कोर्टकचेरी आणि उधाणाच्या लाटांनी रस्त्यावर आणून टाकलेला कचरा आहे. मुंबईच्या समुद्रात प्लॅस्टिक कसे पोचले आणि ते अडवायचे प्रयत्न कुठे तोकडे पडले, ही गोष्ट या आकड्यांच्या आधाराने सांगता येते.

सुरुवात पिशवी नसलेल्या मुंबईपासून करावी लागेल. १९७०च्या दशकापर्यंत वाणी डाळ-साखर वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून द्यायचा आणि वर सुतळीचा वेढा घालायचा. बाजाराला जाणारा माणूस घरूनच कापडी पिशवी घेऊन निघायचा, तेलासाठी किटली न्यायचा. आरेचे दूध काचेच्या बाटलीतून यायचे आणि रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. कचरा त्याही शहरात होता. पण त्यातला बराचसा कुजणारा होता आणि उरलेल्याला भंगारात भाव होता.

पॉलिथिनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानेच लागला. त्याची बिनशिवणीची, दोन बंदांची पिशवी स्वीडनमधल्या एका कंपनीने १९६०च्या दशकात तयार केली. आपल्याकडचे व्यापारी तिला 'झबला' म्हणतात, कारण ती तान्ह्या मुलाच्या झबल्यासारखी दिसते. त्याच दशकात ट्रॉम्बे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाफ्थापासून पेट्रोरसायने काढणारे कारखाने उभे राहिले. पुढे १९९०च्या सुमारास रायगड जिल्ह्यात नागोठण्याचा मोठा प्रकल्प आला. प्लॅस्टिकचे दाणे देशातच, तेही मुंबईच्या उंबरठ्यावर बनू लागले. ते वितळवून फुगवायचे, कापायचे आणि पिशव्या पाडायच्या, हा धंदा एका गाळ्यात, दोन यंत्रांवर होऊ लागला. पिशवी इतकी स्वस्त झाली की दुकानदाराने ती फुकट द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक घरून पिशवी आणायचे विसरू लागले ते तेव्हापासून.

फुकट द्यायची वस्तू जितकी पातळ तितकी परवडते, म्हणून पिशवी पातळ होत गेली. इथेच पहिली अडचण उभी राहिली. रस्त्यावरचा कचरा वेचणाऱ्या बायका आणि मुले वजनावर पैसे मिळवतात. साधा हिशेब करून पाहावा. आठ इंच बाय बारा इंचाची, २० मायक्रॉन जाडीची पिशवी सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे किलो भरायला सुमारे ४४० पिशव्या वेचाव्या लागतात. त्या चिखलाने आणि भाजीच्या रसाने माखलेल्या असतील तर भंगारवाला हातही लावत नाही. ५० मायक्रॉनच्या पिशवीचा किलो पावणेदोनशे पिशव्यांत होतो. २० मायक्रॉनहून पातळ पिशवी विकायची नाही असे १९९९च्या नियमाने सांगितले, त्यामागे हे गणित होते: पिशवी जाड झाली की महाग होईल, म्हणून दुकानदार ती जपून देईल, आणि टाकली गेली तरी कोणीतरी ती उचलेल. कल्पना वाईट नव्हती. पण जाडी मोजायला लागणारे साधन बाजारात हिंडणाऱ्या निरीक्षकाकडे क्वचितच असायचे आणि पिशवीवर छापलेला आकडा खरा मानण्यावाचून त्याला गत्यंतर नसायचे.

२६ जुलै २००५ हा मंगळवार होता. त्या दिवसापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या लोकांना उपनगरात काय चालले आहे याचा अंदाजही आला नाही. संध्याकाळपर्यंत लोकल थांबल्या, कुर्ला आणि कलिना पाण्याखाली गेले, लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून रात्रभर चालत राहिली. काहींचा गाडीतच गुदमरून अंत झाला. राज्यभरात त्या पावसाने हजाराहून अधिक माणसे गेली.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून सुमारे अठरा किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी त्या दिवशी शहराला नव्याने कळली. तोवर बहुतेकांच्या लेखी तो एक नाला होता. पूर ओसरल्यावर नाल्यांच्या तोंडांतून आणि जाळ्यांमधून जे निघाले, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे डोळ्यांत भरत होते. लोकांचा सगळा राग तिथे एकवटला.

इथे न्यायाने बोलायला हवे. पुराच्या कारणांचा शोध घेण्यासाठी सरकारने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिच्या अहवालात दोष अनेकांच्या पदरी पडला. मिठीचे पात्र भरावाने आणि अतिक्रमणाने अरुंद झाले होते, विमानतळाजवळ नदीला काटकोनात वळवले होते, खाडीकाठची खारफुटी नाहीशी झाली होती. शहराच्या गटारांची ताकद तर तासाला २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी असताना. ही क्षमता दुप्पट करा, असे सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून महापालिकेकडे होता. पिशव्या या सगळ्यांच्या जोडीला होत्या. आधीच आवळलेल्या गळ्यात त्या बोळ्यासारख्या बसल्या. पण नदी रुंद करायला वर्षे लागतात, झोपड्या हलवायला घरे लागतात, आणि पिशवीवर बंदी एका आदेशाने घालता येते.

तशी ती घातली गेली. पूर होऊन महिना उलटतो न उलटतो तोच विलासराव देशमुख यांच्या सरकारने राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर सरसकट बंदीची घोषणा केली. शेजारच्या बांगलादेशात असे घडून गेले होते. १९८८ आणि १९९८च्या पुरांत गटारे तुंबवल्याबद्दल पातळ पॉलिथिन पिशव्यांना जबाबदार धरले गेले आणि २००२ मध्ये त्या देशाने त्यांच्यावर बंदी आणली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. महाराष्ट्रात मात्र कारखानदार आणि कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न पुढे आला, हरकती मागवल्या गेल्या आणि २००६ मध्ये जो नियम पक्का झाला त्यात सरसकट बंदी उरली नव्हती. आठ बाय बारा इंचांहून लहान आणि ५० मायक्रॉनहून पातळ पिशवी नको, एवढेच त्यात राहिले. महापुराचे उत्तर पुन्हा मायक्रॉनमध्ये दिले गेले.

पुढच्या दहा वर्षांत मुंबईच्या कचऱ्याचे रूपही पालटले. पिशव्यांच्या जोडीला शाम्पूच्या छोट्या पुड्या आल्या, वेफर्सची चकचकीत पाकिटे आली, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, उपाहारगृहांतून घरपोच येणारे डबे आले. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. जाडीच्या नियमाने या पाकिटांना कधी गाठलेच नाही. कचराकुंडीतून ते गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून मिठी, ओशिवरा, पोयसर किंवा दहिसर नदीत गेले. पहिल्या मोठ्या पावसात या नद्या वर्षभराचा साठा एका झटक्यात खाडीत रिकामा करतात.

समुद्रात काय चालले आहे हे सर्वांत आधी कोळ्यांना कळले. मुंबईच्या किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा धरायला डोल जाळे लावतात. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली ही लांबलचक पिशवीसारखी जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून असते. प्रवाह जे आणेल ते तिच्या पोटात जाते. पूर्वी ओढून काढलेल्या जाळ्यात मासळी वेचायची असे. आता आधी प्लॅस्टिक वेचायचे आणि मग मासळी, अशी वेळ आली. पिशव्यांनी जाळ्याची भोके बुजतात, पाण्याचा दाब वाढून जाळे फाटते, आणि त्या दिवसाची मजुरी, डिझेल, बर्फ सगळे अंगावर पडते. खुद्द जाळीही सुताची आणि तागाची राहिली नव्हती. नायलॉनची जाळी हलकी आणि टिकाऊ म्हणून कोळ्यांनी ती स्वीकारली, पण तुटून समुद्रात राहिलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे मासे आणि कासवे अडकवत राहते. या गोष्टीत पूर्ण निर्दोष असा कोणीच नाही.

जगातल्या शास्त्रज्ञांनाही प्रश्नाचा आकार याच सुमारास कळत होता. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेल्या प्लॅस्टिकचा अंदाज ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असा दिला. दोन वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासाने सांगितले की प्लॅस्टिक बनू लागल्यापासून जेवढा कचरा झाला, त्यातला जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला.

२०१५च्या ऑक्टोबरमध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दोन माणसे हातमोजे घालून उतरली. एक होते तरुण वकील अफरोज शाह, नुकतेच समुद्राकाठच्या घरात राहायला आलेले. दुसरे त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी. किनारा सुमारे अडीच किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी कचऱ्याचा थर साडेपाच फूट. वाळू दिसतच नव्हती. सरकारकडे तक्रार करून वाट पाहण्यापेक्षा त्यांनी स्वतःच उचलायला सुरुवात केली. दर शनिवार-रविवार, ओहोटीच्या वेळी. शाह घरोघर आणि कोळीवाड्यात फिरून लोकांना बोलवत राहिले. हळूहळू शाळकरी मुले आली, कोळी आले, झोपडपट्टीतले रहिवासी आले, चित्रपटातली माणसे आली.

वाळूत रुतलेली पिशवी ओढली तर ती फाटते आणि तिचे तुकडे तुकडे होतात, म्हणून भोवतालची वाळू हाताने उकरून तिला काढावे लागते. खारफुटीच्या मुळांत गुंतलेल्या चिंध्या सोडवायला चिखलात मांडी घालून बसावे लागते. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे महासागर-दूत लुईस प्यू स्वतः वर्सोव्याला येऊन कचरा वेचून गेले आणि त्या वर्षअखेर शाह यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान मिळाला. वर्सोव्यातून काही दशलक्ष किलो कचरा निघाला. जगातली सर्वांत मोठी किनारा-सफाई असे तिचे वर्णन झाले.

कौतुकाच्या मागे एक कटू सत्यही होते. ज्या वाळूवरून शनिवारी कचरा उचलला, तिथे पुढच्या शनिवारी नवा थर असायचा. तो मालाडच्या खाडीतून आणि आसपासच्या नाल्यांतून येत होता. वेचलेला कचरा उचलून नेणारी गाडी वेळेवर यायची नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वयंसेवकांना शिवीगाळ झाली तेव्हा शाह यांनी काम थांबवत असल्याचे जाहीर केले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लक्ष घातल्यावर ते पुन्हा सुरू झाले.

मग आला मार्च २०१८. २२ तारखेला सकाळी वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले बाहेर पडली आणि समुद्राकडे चालू लागली. सुमारे ऐंशी पिल्ले होती. कुत्र्यांपासून आणि पक्ष्यांपासून वाचवत स्वयंसेवक त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यापर्यंत गेले. या किनाऱ्यावर वीस-एक वर्षांत कासवाचे पिल्लू दिसले नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखण्याचे काम गावकऱ्यांना सोबत घेऊन केले होते. त्यामुळे कोकणाला कासवे ठाऊक होती. पण मुंबईच्या वाळूत, आणि तेही वर्सोव्यात, ही घटना लोकांना स्वप्नासारखी वाटली.

दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चला, महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवरील बंदीची अधिसूचना काढली. पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी गुढीपाडव्यापासून बंदीची घोषणा आधीच केली होती. या वेळी भाषा मायक्रॉनची नव्हती. जाडी कितीही असो, हातात देण्याची पिशवी बंद. थर्माकोलच्या ताटल्या, पेले, प्लॅस्टिकचे चमचे आणि उपाहारगृहांचे डबेही बंद. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार दंड आणि तीन महिने कैद. दुधाची पिशवी आणि पाण्याची बाटली यांवर अनामत ठेवून ती परत घेण्याची तरतूद होती. आरेच्या काचेच्या बाटलीमागे हाच विचार होता आणि चाळीस वर्षांनी कायदा पुन्हा तिथे पोचला.

उत्पादक उच्च न्यायालयात गेले. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती द्यायला नकार दिला, मात्र हातातला माल संपवायला लोकांना मुदत मिळाली. २३ जूनपासून निळ्या गणवेशातले महापालिकेचे निरीक्षक बाजारांत फिरू लागले. पहिल्या काही दिवसांत मुंबईकरांनी खरेच कापडी पिशव्या बाहेर काढल्या. कोळणींनी पुन्हा पानांत आणि कागदात मासळी बांधून दिली. गणपतीच्या थर्माकोलच्या मखरांना सूट मिळावी म्हणून झालेली मागणीही न्यायालयाने मान्य केली नाही, आणि पुढच्या काही वर्षांत कागदी पुठ्ठ्याची मखरे बाजारात दिसू लागली. हा बदल टिकला.

बाकीचे तितके टिकले नाही. आठवडाभरातच किराणा दुकानांतल्या पॅकिंगला सवलत मिळाली. पुढे सवलती वाढत गेल्या, दंडाची मोहीम ढिली पडली, आणि २०२० मध्ये करोनाच्या काळात एकदा वापरून फेकायच्या वस्तूंची भीड चेपली. दुधाची रिकामी पिशवी देऊन पैसे परत घेण्याची पद्धत घराघरांत रुजलीच नाही, कारण ती घेणारा माणूस गल्लीत नव्हता.

बंदीची अंमलबजावणी सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा जुलै २०१८च्या मध्याला उधाण आले. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. त्या उधाणाच्या लाटांनी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पिशव्या, बाटल्या, चपला आणि थर्माकोल रस्त्यावर आणून टाकले. महापालिकेच्या कामगारांनी तिथून कित्येक टन कचरा गाड्यांत भरून नेला. शहरातल्या लोकांनी भ्रमणध्वनीवर ती दृश्ये पाहिली आणि समुद्राने तुमचे तुम्हाला परत केले असे एकमेकांना सांगितले. तो कचरा त्या आठवड्यातला नव्हता. बंदी येण्याच्या कित्येक वर्षे आधी नाल्यांतून गेलेले प्लॅस्टिक त्यात होते. कायदा उद्याचे प्लॅस्टिक थांबवू शकतो, कालचे नाही, हे त्या सकाळी सर्वांना डोळ्यांनी दिसले.

त्यानंतरचा भाग देशपातळीवरचा आहे. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम बदलले. सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि २०२२च्या अखेरीपासून १२० मायक्रॉन. १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लॅस्टिकच्या काड्या, चमचे, पेले यांसारख्या एकदाच वापरायच्या वस्तू देशभर बंद झाल्या. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत जगातल्या देशांनी प्लॅस्टिकवर बंधनकारक करार करायचे ठरवले. पण २०२४च्या अखेरीस बुसानमध्ये आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात बोलणी फिसकटली. उत्पादनच कमी करायचे की फक्त कचरा हाताळायचा, यावर एकमत झाले नाही.

या पाव शतकाचा हिशेब मांडताना आकडा पुन्हा हाताशी येतो. १२० मायक्रॉनच्या पिशवीचा किलो पाऊणशेच्या आत भरतो, म्हणजे कचरावेचकाला ती नक्कीच परवडते. पण त्याच पिशवीत २० मायक्रॉनच्या पिशवीच्या सहापट प्लॅस्टिक असते. ती कोणी उचलली तर नियम यशस्वी होतो. कोणी उचलली नाही तर समुद्रात सहापट जास्त प्लॅस्टिक जाते. जाडी वाढवण्याचा सगळा उपाय उचलणाऱ्या हातांवर उभा आहे, आणि त्या हातांसाठी कायद्याने पंचवीस वर्षांत फार थोडे केले. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने आणि मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांना संघटित केले. घरातून सुका कचरा थेट त्यांच्या हातात जाऊ लागला. जिथे हे घडले, तिथे पिशवी नाल्यापर्यंत पोचलीच नाही. या कामाला महापुरानंतर बंदीइतकी प्रतिष्ठा मिळाली असती, तर वर्सोव्याच्या वाळूत साडेपाच फुटांचा थर साचला नसता, असे माझे मत आहे.

आपण सतत पिशवीकडे पाहत राहिलो आणि तिच्या वाटेकडे पाहिले नाही. ती वाट घरापासून कुंडीपर्यंत, कुंडीपासून नाल्यापर्यंत आणि नाल्यापासून खाडीपर्यंत जाते. बंदी पहिल्या पावलाला लागू होते आणि किनारा-सफाई शेवटच्या. मधली पावले अजून मोकळी आहेत. म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या गल्लीतले गटार कुठल्या नाल्याला मिळते, तो नाला कुठल्या नदीला आणि ती नदी कुठल्या खाडीला, हे एकदा शोधून काढा. मग सुका कचरा वेगळा बांधून, तो नेणाऱ्या बाईच्या हातात द्या आणि तिचे नाव विचारून घ्या. समुद्र वाचवण्याचे काम तिच्याइतके इमानाने आजवर दुसऱ्या कोणी केलेले नाही.